तलवारीमागचा जमाखर्च

ज्या वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून मोठी किंमत मोजून जिंकून घेतला, त्याच वसईत त्यांच्या थोरल्या बंधूंच्या नातवाने, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. मराठी शाळांतून या तहाची ओळख करून दिली जाते ती बहुधा एका भेकड पेशव्याची करणी म्हणून. बाजीरावाच्या स्वभावाबद्दल फारसे कोणी दुमत दाखवणार नाही. पण एका माणसाच्या भित्रेपणामुळे एवढे मोठे राज्य परक्याच्या हाती जाते, असे मानले तर इतिहास फारच सोपा होऊन बसतो. राज्य चालवणे, लढाई लढणे आणि परराष्ट्रांशी व्यवहार करणे या तीन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, हे समजून घ्यायचे तर १७९४ ते १८०३ या नऊ-दहा वर्षांतील मराठी राज्याचा जमाखर्चच पाहिला पाहिजे.

युद्ध आणि राज्यसंस्था यांच्या नात्यावर गेल्या अर्धशतकात पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी युरोपचा इतिहास तपासून असे मांडले, की तिथल्या राजांनी आधी राष्ट्र घडवून मग युद्धे केली नाहीत. युद्धे करता करताच राष्ट्रे घडत गेली. सैन्य उभे करायचे तर पैसा हवा, पैसा हवा तर कर हवेत, कर गोळा करायचे तर कारकून, नोंदी, मोजणी आणि न्यायालये हवीत. जॉन ब्रुअर या इतिहासकाराने १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अठराव्या शतकातील ब्रिटनची हीच बाजू उघड केली. ब्रिटनचे सामर्थ्य आरमारात होते हे सर्वांनाच ठाऊक होते; पण ते आरमार उभे होते अबकारी कर वसूल करणाऱ्या खात्यावर आणि १६९४ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडच्या पतीवर. फ्रान्सची लोकसंख्या ब्रिटनपेक्षा कितीतरी अधिक होती, तरी कर्ज स्वस्तात मिळत होते ते ब्रिटनला. व्याज वेळेवर मिळेल, असा सावकारांचा विश्वास होता, एवढेच त्याचे कारण.

हा विचार मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांनी सैनिकांना शक्य तितका रोख पगार द्यावा, जहागिरी तोडून देऊ नयेत, असे धोरण ठेवले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकार ही राज्याची शोभा मानली आहे. त्यांना दुखवू नये, बाहेरचे आणून वसवावे, असा उपदेश तिथे आहे. टोपीकर मात्र इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, हा इशाराही त्याच ग्रंथात दिला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेला हा मजकूर नंतरच्या कारभाऱ्यांनी किती वाचला असेल, हा प्रश्नच आहे.

रोख पगाराचे धोरण पुढे टिकले नाही, यात कोणाचा दोष काढणेही अवघड आहे. औरंगजेबाच्या स्वारीत राज्यच उरते की जाते अशी वेळ आली, तेव्हा राजाराम महाराजांपुढे सरदारांना वतने व सरंजाम देऊन लढते ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्यानंतर वसुलीचे प्रांत सरदारांत वाटले गेले. ज्याने मुलूख जिंकावा, त्यानेच त्याचा वसूल करावा आणि त्यातूनच आपली फौज पोसावी, असा हा व्यवहार होता. विस्तारासाठी याहून सोयीची व्यवस्था नाही. साताऱ्याच्या वा पुण्याच्या खजिन्याला तोशीस न लागता मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले. पण याच व्यवस्थेमुळे मध्यवर्ती सत्तेकडे स्वतःचे असे उत्पन्न फारसे आलेच नाही. थोरले बाजीराव मोहिमांवर मोहिमा जिंकत असतानाच कर्जाच्या ओझ्याने गांजलेले होते आणि ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून ते ही व्यथा मांडत, हे प्रसिद्धच आहे. जिंकणारा पेशवा कर्जबाजारी आणि सरदार मात्र मातबर, असा हा अजब प्रकार होता.

शतकाच्या उत्तरार्धात लढाईचे तंत्र बदलले आणि खर्चाचे गणितही बदलले. सरंजामी घोडेस्वार पावसाळ्यात आपल्या गावी परतत असे आणि शेती पाहत असे. कवायती पायदळ आणि तोफखाना बारमाही पोसावा लागतो. बंदुकीची दारू, तोफांचे ओतकाम, बैल, गोलंदाज, युरोपियन अधिकाऱ्यांचे जबर पगार या सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला रोकड लागते. महादजी शिंदे यांनी हे ओळखले. सॅव्हॉयचा रहिवासी असलेल्या बनवा द ब्वान्य ऊर्फ डिबॉइन याच्याकडून त्यांनी कवायती कंपू उभे करविले आणि त्यांच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला सुपीक मुलूख तोडून दिला. अलिगढच्या परिसरातून वसूल यायचा आणि कंपूचा पगार वेळेवर व्हायचा. त्या फौजेची जी जरब बसली, तिचे निम्मे श्रेय कवायतीला द्यायचे तर निम्मे त्या नियमित पगाराला दिले पाहिजे.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींचा मृत्यू झाला. पुढल्या वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. सगळ्या मराठी सरदारांनी एकत्र येऊन मिळवलेला तो शेवटचा मोठा विजय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले आणि गादीच्या वारसाचा घोळ सुरू झाला. त्यापुढे पुण्यात जे घडले, ते वसईच्या तहापेक्षा अधिक लक्ष देऊन वाचण्याजोगे आहे.

दुसऱ्या बाजीरावाने पेशवाईसाठी दौलतराव शिंद्यांचा पाठिंबा मिळवला तो दोन कोटी रुपयांच्या वचनावर. हे पैसे पेशव्यांच्या खजिन्यात नव्हते. दौलतरावांची प्रचंड फौज पुण्याभोवती तळ देऊन बसलेली, तिचे पगार थकलेले, शिपाई तगादा लावून बसलेले. १७९७ च्या अखेरच्या दिवशी नाना फडणवीस दगाफटक्याने कैद झाले आणि पुढल्या वर्षी दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना पुण्यातून पैसा उभा करण्याची मोकळीक मिळाली. वाड्यांवर पहारे बसले. सावकार, व्यापारी, जुने कारकून, नानांच्या मर्जीतली माणसे यांना धरून, मारहाण करून, काहींना तापलेल्या तोफांना बांधून पैसे काढण्यात आले. पेशवा हे थांबवू शकला नाही. आरंभी त्याचीच त्याला संमती होती.

अशा प्रकारांकडे क्रौर्याची कथा म्हणून पाहण्याची सवय आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने पाहिले, तर पुण्यात त्या वर्षी राज्याची पत जाळली गेली. ज्या पेढ्यांच्या हुंड्यांवर फौजा चालत, मोहिमांना रक्कम मिळे, त्या पेढ्यांनाच राज्यकर्त्यांनी लुटले. त्यातून फौजेचे काही महिने भागले असतील, पण पुढची रक्कम कोण देणार? १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातला शहाणपणा गेला, असे कोणा इंग्रज वकिलाने म्हटल्याचे नेहमी सांगितले जाते. शहाणपणाचे असो, हिशेब जुळवणारा माणूस गेला, हे मात्र निश्चित.

याच काळात कंपनी काय करत होती? १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यापासून तिच्या हाती एक ठरावीक, मोठे उत्पन्न होते. १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारांनी सरकारात भरावयाचा आकडा कायमचा बांधून टाकला. बंगालच्या शेतकऱ्याला त्यापायी काय भोगावे लागले, ही वेगळी आणि दुःखद कहाणी आहे. पण कंपनीला पुढच्या वर्षी किती पैसा येणार, हे आधीच कळू लागले. जो येणारा पैसा आज सांगू शकतो, त्याला कर्ज मिळते. कलकत्त्यात कंपनीचे रोखे विकले जात आणि ते घेणाऱ्यांत इंग्रज व्यापारी जसे होते, तसे भारतीय सावकारही होते. काशीच्या पेढ्या कंपनीच्या फौजांना दूरदूरच्या छावण्यांत हुंड्यांवर रोकड पोहोचवत. हिंदुस्थान जिंकण्यासाठी लागलेला पैसा मुख्यतः हिंदुस्थानातूनच उभा राहिला, ही गोष्ट अभिमानाची खासच नाही, पण खरी आहे.

शिपायाच्या बाजूनेही हाच हिशेब होता. अयोध्येचा वा भोजपूरचा तरुण कंपनीच्या पलटणीत जाई, तो इंग्रजांवरच्या प्रेमाने नव्हे. पगार ठरलेल्या दिवशी मिळतो, मोहिमेवर भत्ता मिळतो आणि म्हातारपणी काही तजवीज होते, एवढे त्याला पुरे होते. मराठी फौजांत शौर्याची वाण नव्हती. सहा-सहा महिने न मिळालेला पगार ही मात्र नित्याची बाब झाली होती.

या पार्श्वभूमीवर तैनाती फौज म्हणजे नेमके काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याने ही युक्ती शोधून काढली असे नव्हे, पण तिला पद्धतशीर रूप दिले ते त्याने. संस्थानिकाने कंपनीच्या पलटणी आपल्या मुलखात ठेवायच्या आणि त्यांचा खर्च द्यायचा. बदल्यात कंपनी त्याचे रक्षण करणार. दुसऱ्या कोणत्याही राज्याशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलणी करायची नाहीत, युरोपियन माणूस परवानगीवाचून नोकरीस ठेवायचा नाही. निजामाने १७९८ मध्ये हे मान्य केले. त्याची फ्रेंच अधिकाऱ्यांखालची फौज काही आठवड्यांत मोडली गेली. १८०० साली फौजेच्या खर्चापोटी त्याने म्हैसूरच्या युद्धांतून वाट्याला आलेला मुलूखही कंपनीला देऊन टाकला. म्हणजे शत्रूविरुद्ध कमावलेली जमीन मित्राच्या पगारात गेली. रोख रकमेऐवजी जमीन घेण्यात कंपनीचा डाव होता: रोख हप्ता थकू शकतो, मुलूख थकत नाही. शिवाय ज्या राज्याचा मुलूख जातो, त्याला स्वतःची फौज पोसणेही त्या प्रमाणात अशक्य होते. पुढच्या संकटात त्याला अधिक पलटणी लागतात आणि मग अधिक जमीन द्यावी लागते.

बडोद्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गायकवाडांच्या दरबारात अरब शिपायांचे वजन फार वाढले होते आणि त्यांचे पगार थकलेले. ती बाकी फेडल्याशिवाय त्यांना काढणे शक्य नव्हते. १८०२ मध्ये कंपनीने स्वतः काही रक्कम दिली आणि उरलेल्या कर्जासाठी बडोद्याच्या सावकारांना हमी दिली. अरब गेले, कंपनीची तैनाती फौज आली. सावकार त्याच गावचे, पैसा तिथलाच, राज्यही गायकवाडांचेच. फक्त त्या सावकारांचा विश्वास आता आपल्या राजावर नसून कंपनीच्या शब्दावर होता. बडोद्याचे परराष्ट्र धोरण तलवारीच्या एका घावानेही गेले नाही, ते त्या हमीपत्राने गेले.

पुण्याची पाळी त्याच वर्षी आली. बाजीरावाने एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायाखाली दिले होते. बंधू यशवंतराव चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्यांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असे करत शेवटी इंग्रजी जहाजाने वसईला पोहोचला. तिथल्या तहात कंपनीचे किमान सहा हजार पायदळ तोफखान्यासह पेशव्यांच्या मुलखात कायम ठेवण्याचे ठरले आणि त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून दिला गेला. निजाम आणि गायकवाड यांच्याकडील पेशव्यांच्या येण्यांबाबत कंपनीचा निवाडा मानण्याचेही कबूल झाले. हे शेवटचे कलम अनेकदा दुर्लक्षिले जाते. पण खर्ड्याच्या मैदानात सात वर्षांपूर्वी जे येणे तलवारीने वसूल केले, ते आता इंग्रज लवादापुढे मागायचे होते. मराठी राज्याचा शेजाऱ्यांशी असलेला संबंध तिथेच संपला. यापुढे सगळे रस्ते कलकत्त्यावरून जाणार होते.

या व्यवहाराच्या मागे युरोपचीही छाया होती. १८०२ चा आमियाँचा तह टिकणार नाही, फ्रेंच पुन्हा पाँडिचेरीत येणार, अशी वेलस्लीला धास्ती होती. निदान लंडनला पटवण्यासाठी ती धास्ती त्याला उपयोगी होती. डिबॉइननंतर शिंद्यांच्या कंपूंचा मुख्य झालेला पेराँ हा फ्रेंच होता. त्यामुळे यमुनेकाठी एक फ्रेंच राज्यच उभे आहे, असे चित्र रंगवता येत होते. मे १८०३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, त्याच महिन्यात आर्थर वेलस्लीच्या पलटणींच्या पहाऱ्यात बाजीराव पुण्याला परतला. मराठ्यांना मात्र लंडन-पॅरिसच्या राजकारणाची वार्ता मुंबई-पाँडिचेरीच्या फटीतून जेवढी झिरपेल, तेवढीच. रघुनाथरावांनी १७८१ च्या सुमारास हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला धाडले होते आणि एडमंड बर्क यांनी त्याची आपल्या घरी व्यवस्था केली होती. पण तो एका घराच्या गाऱ्हाण्यापुरता प्रवास. पुण्यात मात्र १७८६ पासून चार्ल्स मॅलेट आणि त्याच्यानंतरचे इंग्रज वकील कायम मुक्काम ठोकून होते आणि दरबारातली बातमी नित्य कलकत्त्याला कळवत होते.

ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी कंपनीचे युद्ध सुरू झाले. यशवंतराव होळकर बाजूला राहिले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. त्याच महिन्यात वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले आणि त्यांच्या पगाराची भरपाई देण्याची तयारी दाखवली. बरेच जण निघून गेले. पेराँनेही सप्टेंबरच्या आरंभी शिंद्यांची नोकरी सोडली. ४ सप्टेंबरला अलिगढच्या किल्ल्याच्या दारापर्यंत इंग्रजांना वाट दाखवणारा ल्यूकन हाही काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच अधिकारी होता. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली आणि शहाआलम बादशहा कंपनीच्या ‘संरक्षणा’खाली आला.

२३ सप्टेंबरच्या असईच्या लढाईने मात्र एक गैरसमज दूर व्हावा. जालन्याच्या उत्तरेस, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीने सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य उतरवले, त्यांतले दीड हजारांहून अधिक मारले गेले वा जखमी झाले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या या सेनापतीच्या आयुष्यातील ही सर्वांत रक्तरंजित लढायांपैकी एक. मराठी तोफखाना कनिष्ठ असता, तर असे झाले नसते. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या युद्धावरील ग्रंथात हेच दाखवले, की शस्त्रे वा कवायत यांत मराठे मागे नव्हते. अधिकाऱ्यांची फळी फुटल्यामुळे आणि सैनिकी बाजारपेठेवर, म्हणजे शिपाई, बैल, धान्य आणि कर्ज यांच्यावर, कंपनीने ताबा मिळवल्यामुळे ते हरले. वेलस्लीची पत्रे वाचली तर त्यांत तोफांपेक्षा बैलांचीच चिंता अधिक आढळते. म्हैसूरच्या जातिवंत बैलांवर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर त्याची फौज चालली होती. बंजारा धान्य विकतो तो जो रोख पैसे देईल त्याला.

येथे फितुरीचा प्रश्न येतोच. शिंद्यांच्या अधिकाऱ्यांनी मीठ खाल्ल्या धन्याशी बेइमानी केली, हे खोटे नाही. पण ज्या माणसांना पैशासाठीच आणले, ती अधिक खात्रीच्या पैशाकडे गेली, यात आश्चर्य कसले? मुळात आपल्या फौजेचा कणा परक्यांच्या हाती द्यावा लागला, कारण स्वतःचे अधिकारी तयार करणारी व्यवस्था कोणी उभारली नाही. मराठी इतिहासलेखनात फितुरांच्या याद्या लांबलचक आहेत. थकलेल्या पगारांच्या याद्या फारशा कोणी केल्या नाहीत.

नोव्हेंबरात उत्तरेत लासवारी, वऱ्हाडात अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा दुआब, दिल्ली-आग्र्याचा प्रदेश, भडोच आणि अहमदनगर गेले. दुआब गेला म्हणजे कंपूचा पगार गेला. शिंदे पुढे दीर्घकाळ ग्वाल्हेरला राज्य करत राहिले, पण महादजींच्या तोडीची फौज त्यांना पुन्हा पोसता आली नाही.

दख्खनमध्ये या फौजा निघून गेल्या, तेव्हा मागे दुष्काळ होता. पाऊस कमी झाला होता. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सैन्याने आणि पेंढाऱ्यांनी पिके व गुरे नेली होती. १८०३-०४ मध्ये पुणे-अहमदनगर भागात गावेच्या गावे ओस पडली. या जमाखर्चातली ही बाजू कोणत्याच तहात नमूद नाही.

कंपनीलाही हा विजय फुकट पडला नाही. रिचर्ड वेलस्लीच्या सात वर्षांत हिंदुस्थानातील तिचे कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. यशवंतरावांनी १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या पलटणीची दाणादाण उडवली, १८०५ च्या आरंभी भरतपूरच्या तटापुढे जनरल लेकचे चार हल्ले फसले, तेव्हा लंडनच्या संचालकांचा धीर सुटला आणि वेलस्लीला परत बोलावण्यात आले. होळकरांशी राजघाट येथे बऱ्याच सवलतीने तह झाला. यशवंतरावांनी चार वर्षे आधी पुण्याऐवजी कलकत्त्याकडे पाहिले असते तर, असा विचार अनेकांच्या मनात येतो. मात्र त्यांच्याही फौजेचा पगार लुटीवरच अवलंबून होता, हे तेव्हा विसरले जाते.

फरक इतकाच, की कंपनीचे कर्ज तिच्या नावावर होते आणि ते फिरवता येत होते. १८१४-१५ च्या नेपाळ युद्धासाठी तिने अयोध्येच्या नवाबाकडूनच दोन कोटी रुपये उसने घेतले. बाजीरावाने १८१७ मध्ये एकदा तलवार उचलून पाहिली आणि जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमने त्याला सालिना आठ लाख रुपयांचे वचन दिले, तेव्हा ही रक्कम अवास्तव आहे, अशी कुरकुर कंपनीतच झाली. पेशवा आता फार काळ जगणार नाही, असा काहींचा अंदाज होता. बाजीराव ब्रह्मावर्तास जानेवारी १८५१ पर्यंत जगला. बत्तीस वर्षांहून अधिक काळ कंपनीने तो तनखा दिला. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने तो पुढे चालू ठेवण्याची मागणी केली, तेव्हा मात्र तिने खाते बंद केले. नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान ही मागणी घेऊन लंडनला गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. त्यानंतर काही वर्षांतच १८५७ उजाडले.